नुसतं मैदान

पावसानं तासाभराची उघडीप दिली, म्हणून वहिनी आणि मी कोल्हापूरच्या खाऊगल्लीत भेळ खायला गेलो होतो. गाड्यांवरच्या ताडपत्र्यांतून अजून पाणी ठिबकत होतं आणि तळणाचा वास ओल्या हवेत खाली बसला होता. शेजारी दोन पोरं उभी होती. पाठीवर सॅक, कपाळाला अंबाबाईचं कुंकू. त्यातल्या एकानं भेळवाल्या मुलाला विचारलं, ‘‘दादा, खासबाग मैदान कुठं आहे हो?’’ मुलगा कांदा चिरत होता. त्यानं सुरी न थांबवता मानेनंच मागं दाखवलं. ‘‘ही भिंत दिसत्या न्हवं, तीच. पर आत बघण्यासारखं काय न्हाई. नुसतं मैदान हाय.’’ पोरांनी भिंतीकडं एकदा पाहिलं आणि रंकाळ्याला रिक्षा किती घेते ते विचारलं. भेळवाल्यानं तेही मन लावून सांगितलं. त्याच्यावर रागवावं असं त्यात काही नव्हतं. पण घरी येईपर्यंत, भांडी विसळताना, झोपायला पाठ टेकली तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

आमचं घर मंगळवार पेठेत, खासबागेच्या कुस्ती मैदानापासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी मैदानाच्या, म्हणजे तिथं कुस्त्या असायच्या त्या दिवशी सकाळपासूनच पेठेची चाल बदलायची. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडून, तिकडं निपाणी-चिकोडीकडून ट्रकनं, एसटीनं, सायकलींवर माणसं यायची. गुलाबी पटके, पांढऱ्या टोप्या, धोतराचा सोगा हातात धरून झपाझप चालणारे म्हातारे. आबा त्या दिवशी दुपारचं जेवण लवकर उरकायचे. कोटाच्या एका खिशात शेंगदाणे, दुसऱ्यात गुळाचा खडा. काका, चुलतभाऊ, शेजारचे सगळे पुरुष एकदमच बाहेर पडायचे आणि गल्ली रिकामी व्हायची. घरात उरायच्या बायका आणि मी. बायकांनी मैदानाला जायची पद्धत नव्हती. कुणी मनाई केल्याचं मला आठवत नाही; मुळात विचारावं हेच कुणाला सुचत नव्हतं.

मग आजी आणि मी गच्चीवर जायचो. ती काहीतरी निवडायला घ्यायची, मी तिच्या पदराशी बसायची, आणि तिकडून आवाज यायला लागायचे. आधी हलगी, घुमकं, कैताळ ही वाद्यं. लहान पोरांच्या कुस्त्यांना हलगी सैल वाजते, मोठी जोड उतरली की तिचा ताल घट्ट होतो, हे मला तिनं शिकवलं. हलगी एकदम चढायची आणि आजी म्हणायची, ‘‘आता खडाखडी चाललीया.’’ म्हणजे दोघं उभ्यानंच एकमेकांचा अंदाज घेतायत. मग सगळं शांत. हजारो माणसं एका जागी असूनही इतकी शांतता कशी होते, हे मला तेव्हा कळत नसे. सुपातला तिचा हात थांबायचा. आणि अचानक तो आवाज फुटायचा. गच्चीवरचा पत्रा थरथरायचा, कावळे उडायचे. त्या आरोळीच्या लांबीवरून आजी सांगायची, कुस्ती चितपट झाली की नुसता कब्जा घेतलाय. बरोबरीत सोडवलेल्या कुस्तीला आरोळी नसायची. त्यानंतर बराच वेळ एक नाराज भुणभुण हवेत राहायची. रात्री आबा मातीनं तांबडी झालेली धोतराची काठ झटकत आले की आजी निकाल पडताळून घ्यायची. ती क्वचितच चुकायची.

खासबाग मी बघण्याच्या आधी अशी ऐकली.

आत पहिल्यांदा गेले ते नोकरीला लागल्यावर. चुलतभावाच्या मित्राची कुस्ती होती आणि तो सहज म्हणाला, ‘‘चल की, बघ तरी एकदा.’’ उशिरा पोहोचलो. पुढं सगळे पटकेवाले दाटीनं बसलेले. मला जागा मिळाली ती पार मागं, काठाला. मनात म्हटलं, आता माणसांच्या पाठी बघायच्या. बसले आणि समोर हौदा, कुस्तीची मातीची जागा, होता. पूर्ण. मध्ये एक डोकं नाही, एक खांब नाही. पैलवानानं माती उचलून समोरच्याच्या खांद्यावर टाकलेली दिसली, पंचाच्या शर्टाची बाही दुमडलेली दिसली. मग मी पुन्हा पुन्हा जागा बदलून पाहिली. भावाला वाटलं, मला करमत नाहीये. मला करमत होतं. मला कळून घ्यायचं होतं की हे होतं कसं. मैदान परातीसारखं आहे, मध्ये हौदा आणि भोवती सगळीकडून चढत गेलेली जमीन. मागचा माणूस पुढच्याच्या डोक्यावरून बघू शकेल एवढाच तो चढ. करामत म्हणाल तर एवढीच, आणि शंभर वर्षांवर ती अशीच चाललीय.

शाहू महाराज 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाला विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोझियम पाहिलं आणि त्यावरून 1912 साली खासबाग उभी राहिली, हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. मला मात्र महाराजांनी तिथून काय उचललं यापेक्षा काय तिथंच ठेवलं याचं जास्त अप्रूप वाटतं. कलोझियम म्हणजे चार मजली दगडी डोंगर. कमानींवर कमानी, जमिनीखाली जनावरांचे पिंजरे, आणि बसायच्या जागा माणसाच्या दर्जाप्रमाणे. सरदार-दरकदार खाली रिंगणापाशी, गरीब वर, आणि बायका सगळ्यात उंच, सगळ्यात लांब. महाराजांनी त्यातला गोल घेतला, चढ घेतला. कमानींचे मजले तिथंच सोडले, पिंजरे सोडले. आणि मरण तिथंच सोडलं, हे सगळ्यात मोठं. इथं चीत झालेला उठतो, अंगाची माती झटकतो आणि जिंकलेल्याला मिठी मारतो. हरलेला आणि जिंकलेला एकाच रंगाचे होऊन बाहेर पडतात. मागासवर्गीयांना नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवणारा हुकूम 26 जुलै 1902 चा, म्हणजे महाराज विलायतेत होते तेव्हाचा. तो हुकूम आणि हे मैदान एकाच वर्षाच्या मुशीतून आलेत, असं मला नेहमी वाटतं. मानकऱ्यांची बसायची जागा इथंही वेगळी होती, राजाचं मैदान होतं ते. पण नजरेला आड येणारा माणूस कुठं ठेवला नव्हता.

तरी एक सल आहेच. रोममध्ये बायका निदान वरच्या पायरीवर होत्या. माझी आजी गच्चीवर होती. इतकं कान देऊन मैदान ऐकणाऱ्या बाईनं आयुष्यात एकदाही तो हौदा पाहिला नाही. महाराजांचं माप काढायची माझी पात्रता नाही आणि इच्छाही नाही. पण खासबागेबद्दल लिहिताना नुसतं गहिवरून लिहावं आणि हे सोडून द्यावं, ते मला जमणार नाही.

या मातीनं कोण कोण पाहिलंय. श्रीपती खंचनाळे, गणपत आंदळकर, मारुती माने, दादू चौगुले, हरिश्चंद्र बिराजदार, युवराज पाटील. आबांच्या तोंडी ही नावं घरच्या माणसांसारखी असायची, एकेरीत आणि अभिमानानं. बिराजदार लातूरकडचे, आंदळकर शिराळा तालुक्यातले, पण ‘कोल्हापूरचा पैलवान’ म्हणूनच ओळखले गेले. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी, मठाची तालीम. कुठल्याही खेड्यातलं पोर पहाटे तालमीत जोर काढायला लागलं की कोल्हापूर त्याला आपलं म्हणतं. बिराजदारांनी 1970 साली एडिंबरात राष्ट्रकुल सुवर्ण आणलं, दादूंनी 1974 ला ख्राइस्टचर्चहून रौप्य. आणि या सगळ्यांच्या आधी खाशाबा जाधव. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा खर्चाचा मोठा वाटा कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मातीत वाढलेल्या या पैलवानाला तिथं गादीवर लढावं लागलं, तरी सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक.

माती आणि गादीचा हा वाद आमच्याकडं चहाच्या टपरीवरही रंगतो. गादीवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, गुण, नऊ मीटरचं वर्तुळ. मातीत मात्र पाठ टेकेपर्यंत. ज्या पोराला देशासाठी खेळायचं आहे त्याला गादी लागणारच, आणि त्यात कमीपणा काही नाही. महाराष्ट्र केसरीलाही माती आणि गादी असे दोन्ही विभाग असतात. गादीसाठी छपराचे हॉल बांधावेत, चांगले बांधावेत, तालुक्यातालुक्याला बांधावेत. पण अधूनमधून कुणीतरी खासबागेलाच छप्पर घाला म्हणतं, गादी अंथरा म्हणतं, कडेनं गाळे काढले तर उत्पन्न सुरू होईल म्हणतं, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. असं बोलणाऱ्यांनाही मैदानाबद्दल आस्था असते. ती खोटी नसते. त्यांना ती जागा रिकामी वाटते आणि रिकामी जागा त्यांना सोसवत नाही.

भेळवाल्या मुलाचं वाक्य मला टोचलं ते याचमुळं. तो खरंच बोलला होता. आत काही नाही. चढ आहे, माती आहे आणि वर आभाळ आहे. त्या तिघांतलं एक जरी काढलं तरी खासबाग उरणार नाही, आणि त्या तिघांत दाखवण्यासारखं असं काही नाही.

आमच्या गल्लीत एक वस्ताद होते. कुस्त्या खेळून कान मोडलेले, मान खांद्यात बसलेली, बोलणं मात्र देवळातल्या पुजाऱ्यासारखं हळू. हौद्याची माती म्हणजे काय ते त्यांनी मला ओट्यावर बसून सांगितलं. चांगली तांबडी माती आणायची, चाळायची, खडा म्हणून राहता कामा नये. मग त्यात तेल, हळद, ताक, लिंबू, कापूर. हळदीनं खरचटलेलं भरून येतं, तेलानं माती मऊ राहते, ताकानं तिला धरबंद येतो. पण एवढं घालून भागत नाही. ती रोज उकरावी लागते, खोऱ्यानं वरखाली करावी लागते. पैलवानाचा दिवस लंगोट कसल्यावर फावडं हातात घेण्यापासून सुरू होतो, तो निम्मा व्यायाम तिथंच होतो. माती पडून राहिली की दगड होते, आणि दगडावर माणूस पडला तर उठत नाही. ‘‘माती माणसाच्या घामावर जगत्या, पोरी,’’ म्हणाले होते. मला ते तेव्हा भाबडं वाटलं नव्हतं, आताही वाटत नाही.

म्हणून खासबागेच्या भिंतीला चीर गेली की वर्तमानपत्रात बातमी येते, ते योग्यच. पण हौदा वर्षातले किती दिवस उकरला जातो, याची बातमी कुठं येत नाही, आणि मला तीच खरी बातमी वाटते. चार-दोन मोठी मैदानं झाली की बाकीचा काळ गवत. पावसाळ्यात तर खोलगट जागा ती, चारी बाजूंचं पाणी मध्ये उतरणार. निचरा नीट नसेल तर हौद्याचा चिखल आणि उन्हाळ्यात त्याचीच ढेपळं.

या गावाला मैदानं करायची मोठी हौस. तळी बुजवून केली. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, आणि दर पावसाळ्यात तिथं पाणी साठतं तेव्हा म्हातारी माणसं म्हणतात, तळं आपली जागा विसरलेलं नाही. रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम आलं. तिथल्या फुटबॉलबद्दल मी सांगायला नको. पाटाकडील, खंडोबा, प्रॅक्टिस, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी हे इथले संघ. हंगाम सुरू झाला की पेठांच्या पेठा त्या गॅलरीत जाऊन बसतात. 2017 साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा. त्या स्टेडियमबद्दलही तक्रारी असतात, पायऱ्यांबद्दल, गवताबद्दल, सामन्यांतल्या हाणामाऱ्यांबद्दल तर किती! पण ते जिवंत आहे, कारण पोरं तिथं खेळतात. आणि तिथून जवळच साठमारी. हत्तीला चिथावून पळवायचं, पळताना आड व्हायला चिरेबंदी बुरूज. तो खेळ गेला, जायलाच हवा होता, मुक्या जनावराला तसं छळणं आज कुणाला सोसणार नाही. खेळ गेला आणि मैदान वस्तीत वेढून गेलं. आज कित्येकांना साठमारी हा फक्त रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता वाटतो. खासबागेचं मात्र तसं नाही. तिचा खेळ गेलेला नाही. जत्रेजत्रेत फड लागतात, तालमी पहाटे जाग्या असतात, कुस्ती गावोगाव आहे. खासबागेतच ती पाहुणी झालीय.

8 ऑगस्ट 2024 ची रात्र कोल्हापूरकर विसरणार नाहीत. केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. आमच्या गच्चीवरून, जिथून मी हलगी ऐकायची तिथूनच, आभाळ तांबडं झालेलं दिसत होतं आणि जुन्या लाकडाचा जळका वास पेठेवर पसरला होता. लोक रस्त्यावर उभे राहून रडत होते, मीही त्यात होते. 1915 सालचं पॅलेस थिएटर ते, खासबागेच्या पाठीला पाठ लावून उभं. महाराजांनी दोन्ही शेजारीशेजारी बांधली, एकात गाणं-नाटक, दुसऱ्यात कुस्ती, आणि कोल्हापूरच्या माणसाला दोन्ही लागतं हे त्यांना ठाऊक होतं. नाट्यगृह होतं तसं परत उभं करायचं, असं गावानं एकमुखानं मागितलं आणि कामही सुरू झालं. त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या रात्री मला आणखी एक गोष्ट सुचली आणि ती कुणाला सांगवली नाही. नाट्यगृहाला लाकूड होतं, खुर्च्या होत्या, पडदा होता, म्हणून ते गेल्याचं सगळ्यांना एका रात्रीत दिसलं. खासबाग हळूहळू गेली तर ते कुणाला दिसेल? जळायला तिथं आहे काय. चढ थोडाथोडा सपाट होईल, मातीवर गवत येईल, कडेला एखादी खोली, मग दुसरी, मग पार्किंग. आणि एक दिवस मागं बसलेल्या माणसाला हौदा दिसणार नाही.

जुन्या जागेचं काम निघालं की दर्शनी भागापासून सुरुवात होते. कमान, रंग, रोषणाई, महाराजांचं चित्र. महाराजांचं चित्र असावं, का नसावं! पण खासबागेला मध्यापासून सुरुवात करावी लागेल. आधी माती. जुनी काढून नवी भरा, चाळा, तेल-हळद घाला, आणि ती रोज उकरायला तालमीतली पोरं ठेवा, त्यांना खुराकाला पैसे द्या. मग पाण्याचा निचरा, म्हणजे सप्टेंबर सरता सरता हौदा तयार होईल. मग चढ, एक इंचही कमी न करता. भिंत दगडाची आहे तर दगडानं आणि जुन्या रीतीनं सांधा. छप्पर नको. दिवे लावा, पण खांब प्रेक्षकांच्या मागं. हे सगळं इंजिनिअरांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी मी सांगते, कारण मागं बसलेल्या माणसाची बाजू आराखड्यात क्वचित येते आणि मी तिथं बसलेली आहे.

बायकांची बाजू तर त्याहून क्वचित. माझ्या भावाची पोरगी आता कुस्ती शिकते. गादीवरच, एका शाळेच्या हॉलमध्ये. तिचे कान अजून शाबूत आहेत आणि ते मोडावेत अशी तिची फार इच्छा आहे. वहिनीला ते ऐकून रडू येतं. बाईनं हौद्यात पाय ठेवू नये, अशी रीत कित्येक तालमींनी पिढ्यान्पिढ्या पाळली. आता मैदानात पोरींच्या जोडी लागतात, लोक टाळ्या वाजवतात, हलगीही तेवढीच चढते. त्या पोरींना कपडे बदलायला खोली लागते, स्वच्छ संडास लागतं, बघायला येणाऱ्या त्यांच्या आयांना बसायला जागा लागते. ही मागणी छोटी वाटली तरी ती कागदावर पहिल्या पानावर यायला हवी. आणि मैदान महिन्याला भरवा. मोठ्या इनामाची वाट बघू नका, हिंदकेसरी येईपर्यंत थांबू नका. गावजत्रेत लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात, तशा लावा हवं तर. पण पहिली जोड पोरींची लावा.